अरूसाची हिरवी खूण

वाळवंटातल्या दगाशच्या खजुरीच्या बागांत काम पुढे ढकलणारी माणसं काही कमी नाहीत, पण ती सगळी "उद्या" म्हणतात. तिजानी एकटा "परवा" म्हणायचा. उद्या म्हटलं की माणूस खरंच उद्या येऊन दारात उभा राहतो. परवा म्हटलं की त्याला विसरायला मधे एक दिवस मिळतो, हे त्याचं शहाणपण. गावाने त्याचं नाव तिजानी परवा ठेवलं, आणि पाटावर पाण्याच्या पाळ्या वाटणारा माणूससुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायचा.

तसा तो आळशी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खजुरीवर चढण्यात त्याचा हात धरणारा त्या बाजूला कोणी नव्हता. कमरेला दोर नाही, पायात काही नाही, दातांत विळा धरून तो पंधरा हात वर जायचा आणि वरून खालच्याशी गप्पा मारायचा. अडचण होती ती पहिला पाय उचलण्याची. झाडाखाली पोचला की त्याला चहा आठवायचा, चहा झाला की विळ्याची धार आठवायची, धार लावून झाली की ऊन चढलेलं असायचं.

आणि आमच्याकडे खजुरीला थांबायला सांगता येत नाही. वसंतात मादी झाडाची पोय, म्हणजे फुलांचा तुरा, फुटली की नर झाडाच्या फुलांची काडी तिच्यात खोचायची आणि वरून पातीची सैल गाठ मारायची. मधमाशी हे करत नाही, वाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही; माणसानेच चढावं लागतं, आणि तेही पोय फुटल्यापासून आठवड्याच्या आत. आठवडा गेला तरी घड लागतो, पण तो नुसता दिसायला. एका दाण्याच्या जागी तीन-तीन बारके दाणे धरतात, आत बी नाही, गोडी नाही, हिरवे ते हिरवेच राहतात. त्याला आम्ही सीश म्हणतो. बकरीसुद्धा वास घेऊन तोंड फिरवते. दुसरं कुठलं अर्धवट काम झाकता तरी येतं. सीश मात्र पाच-सहा महिने उंचावर लटकून राहतं आणि येणारा-जाणारा मान वर करून बघतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत राजधानीहून कोणी शिकवणारी मंडळी आली होती. तीन दिवस नगरपालिकेच्या दालनात वर्ग भरला. ध्येय कसं ठरवावं, वेळ कसा वाटून घ्यावा, मोठ्या कामाचे तुकडे कसे करावेत, असं सगळं. दुपारी भरलेली रोटी आणि थंड पेय मिळत होतं, म्हणून तिजानी गेला. पण परत आला तो भारावून. त्याने मोठा चौकोनी कागद आणला, रंगीत पेनं आणली, आणि दोन दिवस बसून आखणी केली. उभ्या ओळीत बागांची नावं, आडव्या ओळीत तारखा. लाल म्हणजे बाकी, हिरवं म्हणजे झालं.

"हे काय?" बायकोने, सालहाने, पीठ चाळता चाळता विचारलं.

"यंदाची सगळी कामं. एकशे चाळीस झाडं. बघ, कुठल्या दिवशी कुठली बाग ते लिहिलंय."

"आणि चढणार कोण? कागद?"

"तुला नाही कळायचं. आधी ध्येय डोळ्यापुढे पाहिजे."

"माझ्या डोळ्यापुढे तू आहेस की, मांडी घालून बसलेला," सालहा म्हणाली.

पण खरं सांगायचं तर पहिले तीन आठवडे कागदाने काम केलं. तिजानी सकाळी उठायचा, आजचा चौकोन बघायचा, आणि चक्क निघायचा. बागवाल्यांना आश्चर्य वाटलं. पाटावरचे लोक म्हणाले, परवा आता आज झाला! तिजानीला ते फार आवडलं. हिरवा रंग भरायला तर इतकं आवडलं, की एके दिवशी त्याने चहा पिता पिताच, घरून निघण्याआधीच, त्या दिवसाचा चौकोन हिरवा करून टाकला. आता जायचंच आहे, मग आत्ता भरला काय आणि आल्यावर भरला काय? त्या दिवशी तो खरोखर गेला आणि काम करून आला, म्हणून ती सवय लागली.

तूर्किया खालाची बाग त्याच्या घराला लागूनच. मधे मातीची बुटकी भिंत. खाला म्हणजे मावशी; रक्ताच्या नात्याची नव्हे, पण त्याची आई गेली तेव्हा चाळीस दिवस तिच्याच घरून जेवण आलं होतं. बागेत नऊ झाडं होती. तिचा नवरा हमूदा होता तोवर तोच चढायचा; मागच्या हिवाळ्यात तो वारला, आणि खालाने विळा तिजानीच्या हातात ठेवला. ठरलं ते रिवाजाप्रमाणेच: प्रत्येक झाडामागे एक घड चढणाऱ्याचा.

आठ झाडं त्याने वेळेवर केली. नववी होती पाटाकडच्या कोपऱ्यात, सगळ्यात उंच आणि जराशी झुकलेली. लग्नाच्या वर्षी हमूदाने ती लावली होती, म्हणून तिचं नाव अरूसा, म्हणजे नवरी. खाला तिच्याशी बोलायची. "अरूसा, पाणी आलं गं," असं म्हणून पाटाचं तोंड उघडायची.

अरूसाच्या पोयी उशिरा फुटतात. कागदावर तिची तारीख होती मंगळवार. मंगळवारी सकाळी तिजानीने चौकोन हिरवा केला आणि बाहेर पडला, तर दक्षिणेचा वारा सुटलेला, हवेत रेती, झुकलेली अरूसा वर नुसती डुलत होती. अशा वाऱ्यात कोणीच चढलं नसतं. तो परत फिरला, त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते घरी येऊन कागदावरची हिरवी खूण खोडली नाही इथे. खोडली असती तर कागद घाण दिसला असता.

बुधवारी वारा होताच. गुरुवारी मेहुण्याकडे बारसं होतं. शुक्रवारी नमाजानंतर खाला भिंतीपाशी उभी होती, हातात गरम रोटी फडक्यात गुंडाळलेली.

"तिजानी, अरूसाचं झालं का रे? उन्हाने यंदा तिच्या सगळ्या पोयी एकदम फुटल्यात."

तिजानीने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मंगळवारचा चौकोन हिरवागार होता. आणि तो नंतर स्वतःशी किती तरी वेळा म्हणाला, की त्या क्षणी ती हिरवी खूण बघून त्यालाही वाटलं, झालंय.

"हे बघ ना खाला. झालं."

खालाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने हिरव्या रंगावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अल्ला तुझे हात सलामत ठेवो." रोटी त्याला दिली. त्याने ती खाल्लीसुद्धा.

उद्या पहाटे चढायचं आणि खोटं खरं करून टाकायचं, असं त्याने ठरवलं. पण शनिवारी कागदाची घडी फाटली. फाटक्या कागदावर काम कसं करणार? तिजानी नवा कागद आणून पुन्हा आखायला बसला. जुन्यावरचे हिरवे चौकोन नव्यावर उतरवले, अरूसाचासुद्धा. कागदी घोडे नाचवण्यात दोन दिवस गेले. मग दुसऱ्या बागांची हाक आली, आणि तिथले लोक दारात येऊन उभे राहणारे होते. खाला उभी राहणारी नव्हती, कारण तिच्या लेखी काम झालेलं होतं.

त्या मंगळवारानंतर बाराव्या दिवशी तो अरूसावर चढला. वर पोचला आणि त्याने बघितलं. पोयींतली फुलं वाळून गवतासारखी पिवळी पडली होती. हात लावला की गळत होती. तरी त्याने नराच्या काड्या खोचल्या, गाठी मारल्या, एकूण एक, अगदी नीट. बैल गेला अन् झोपा केला.

जूनमध्ये सगळ्या गावाला दिसलं. आठ झाडांवर भरलेले घड, आणि अरूसावर सीश. तीन-तीन दाणे, बारके, केविलवाणे. पाटावर माणसं थांबायची, मान वर करायची आणि "बिचारी" म्हणून पुढे जायची. बिचारी कोण, झाड की खाला, ते कोणी उलगडून सांगत नव्हतं. तिजानीने त्या वाटेने जाणं सोडलं. बाजाराला जायला तो मशिदीमागून लांबचा वळसा घेऊ लागला.

तो कुणालाच काही बोलला नाही. आणि खालाने स्वतःच कारण शोधून काढलं.

"नवरा गेला आणि ती वाळली," ती एक दिवस सालहाला म्हणाली. दोघी अंगणात मिरच्या निवडत होत्या आणि तिजानी आत चटईवर पडून ऐकत होता. "झाडांना कळतं गं. तिजानीने एवढं केलं, गाठीसुद्धा दिसतात वर, पण तिने धरलंच नाही. वांझ झाली. माझ्या वाट्याला पाणी किती? तासभराची पाळी. तिला पाजायचं, तर बाकीच्या आठांच्या तोंडचं काढायचं. बलगासिमला सांगितलंय मी. सोमवारी येतो म्हणालाय."

बलगासिम लागमी काढायचा. लागमी म्हणजे खजुरीची नीरा. ती काढायला झाडाच्या सगळ्या झावळ्या तोडून वरचा गाभा तासायचा आणि खाली मडकं बांधायचं. महिना-दीड महिना झाड गोड रस देतं आणि मग बहुतेक मरतं. म्हणून लागमी काढतात ती म्हाताऱ्या झाडांची, नाहीतर वांझ झाडांची.

तिजानी चटईवर उठून बसला. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. खाला, ती वांझ नाही, मी चढलो नाही. एवढंच. पण बाहेर सालहाही होती. मिरच्या होत्या. खाला म्हणत होती, तिजानीने एवढं केलं. तो पुन्हा आडवा झाला.

संध्याकाळी त्याने कागद काढला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याने शनिवारच्या चौकोनात लाल पेनाने लिहिलं: खालाला सांगणे. शनिवारी खालाकडे पाहुणे होते. रविवारी त्याने मनात वाक्यं जुळवली, आधी वाऱ्याचं सांगायचं, मग बारशाचं, मग मुद्द्यावर यायचं. ती जुळवण्यातच दिवस मावळला. सोमवारी सकाळी नक्की, बलगासिम यायच्या आत.

पण बलगासिम हा परवावाला माणूस नव्हता. तिजानी सोमवारी भिंतीपाशी गेला तेव्हा अरूसाच्या झावळ्या खाली ढिगाने पडल्या होत्या, सीशचे घडही त्यांतच, आणि वर नुसता बोडका शेंडा उरला होता. बलगासिम वर बसून गाणं म्हणत तासत होता.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिजानी भिंतीआड खाली बसला आणि तसाच घरी परतला. ज्या माणसाने एकेका वसंतात शंभरावर झाडं चढून उतरली, तो कमरेएवढ्या भिंतीआडून रांगत घरी आला. त्याला जन्मभर लाज वाटली ती याचीच, हिरव्या खुणेची त्या मानाने कमी.

चौथ्या दिवशी सकाळी खाला दारात आली. हातात मातीची वाटी, वर ताटली झाकलेली.

"ये, तिजानी. घे. पहिली धार आहे."

सालहाने चटई घातली. खाला बसली नाही. तिने ताटली काढली. पांढुरकी, गार लागमी, वर थोडा फेस.

"अरूसाचा घड तुला द्यायचा होता रिवाजाने. तो काही मला देता आला नाही. तुझे कष्ट मी ठेवून घेतले असं नको व्हायला. म्हणून ही पहिली वाटी तुझी. बलगासिम मागत होता, त्यालाही दिली नाही. पी."

तिजानीने वाटी घेतली आणि पहिला घोट प्यायला. फार गोड होती. वांझ झाडाची नीरा इतकी गोड नसते, असं म्हणतात. खरं-खोटं कोण जाणे. दुसरा घोट त्याने घेतला नाही. त्याने रविवारी जुळवलेली वाक्यं आठवून बघितली, वारा, बारसं, आणि त्यातलं एकही आठवलं नाही.

"खाला, मी चढलोच नव्हतो."

"कधी?"

"तू विचारलंस तेव्हा. चढलोच नव्हतो. चढलो ते फुलं वाळल्यावर. ती वांझ नाही गं, मीच..."

"कागदावर हिरवं होतं," खाला म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "मी बोट लावलं होतं त्याला."

"हिरवं मी सकाळीच केलं होतं. चढायच्या आधी."

सालहाने तोंडावर पदर घेतला. खाला ओरडली असती, तिने शिव्या दिल्या असत्या, वाटी फोडली असती तर तिजानीला बरं वाटलं असतं. तिने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ताटली पुन्हा नीट झाकली.

"मी तिला किती बोलले रे," ती म्हणाली. "रोज सकाळी उभी राहून बोलत होते. म्हटलं, हमूदा गेला तर मी नाही का राहिले जिवंत? तुलाच काय झालं? निर्लज्ज म्हणाले मी तिला." मग तिचा आवाज बदलला. "बलगासिमला सांग जा. आत्ता. परवा नको."

तिजानी अनवाणी पळाला. बलगासिम पाटावर चार माणसांत बसून मडकी धूत होता. बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण बाजूला घ्यायला वेळ लागतो, आणि तिजानीला आता वेळेची भीती बसली होती. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. अरूसा वांझ नाही, मी काम केलं नाही आणि केलं म्हणालो, मडकं उतरवा. बोलताना दम लागून त्याला तेच दोनदा म्हणावं लागलं.

चौघांनी बलगासिमकडे बघितलं.

"चार दिवस झाले तासायला लागून," बलगासिम म्हणाला. "सोमवारी कुठे मेला होतास? घर तर तुझं भिंतीपलीकडे."

"भिंतीमागेच होतो, काका."

बलगासिमने मडकं खाली ठेवलं. त्याने आयुष्यात शेकडो झाडं तासली होती, त्याला कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. "गाभा पुरता गेलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "जखम बांधून देतो. जगली तर जगली. आणि मडकं मी उतरवतो, तू चढू नकोस तिच्यावर आज."

अरूसा जगली, पण चार वर्षं तिने काही दिलं नाही. पहिल्या वर्षी तर दोनच झावळ्या आल्या, त्याही कोंबडीच्या पिसांएवढ्या. त्या चार वर्षांत दर आठवड्याला तिजानीने आपल्या पाळीतलं पाव तासाचं पाणी भिंतीखालून अरूसाकडे सोडलं. आपल्या झाडांच्या आधी. त्याचा एक घड दर वर्षी कमी भरायचा, आणि सालहा त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, एरवी ती कशावरूनही बोलते.

कागद अजून आहे. पण तो तिजानीच्या खिशात नसतो, चुलीमागच्या भिंतीवर असतो, आणि हिरवं पेन सालहाकडे असतं. पोय फुटली की तिच्यावरचं लाकडी टरफल कापून काढावं लागतं. चढणारे ते खाली टाकून देतात. तिजानी ते घरी आणतो. सालहा टरफल बघते आणि मग चौकोन भरते. टरफल नाही तर हिरवं नाही. सकाळी उठल्यावर चहा नंतर, आधी एक झाड. सगळ्यात नकोसं असेल ते. एवढ्याने त्याची कामं वेळेवर होतात, आणि आता पलीकडच्या गावांतूनही बोलावणं येतं. नाव मात्र तिजानी परवा हेच राहिलं. गाव एकदा दिलेलं नाव परत घेत नाही.

तासलेली खजुरी जगली, तर त्या जागी तिचं खोड बारीक राहतं. खाली जाड, वर जाड, मधे कंबर आवळल्यासारखी. अरूसाला ती कंबर आहे, आणि पाटावरून स्पष्ट दिसते. नवखा कोणी विचारतो, हिची लागमी काढली होती वाटतं? मग वाचली कशी? लोक तिजानीकडे बघतात आणि तो सांगतो. दरवेळी पूर्ण सांगतो, भिंतीमागचं रांगणंसुद्धा. सांगायला सोपं झालंय असं नाही.

दर वसंतात चढताना त्या आवळलेल्या जागी त्याचे पाय सरकतात. पकड बसत नाही. तिथे त्याला थांबावं लागतं, खोडाला मिठी मारून श्वास घ्यावा लागतो, आणि मगच वर जाता येतं.

तूर्किया खालाच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला आहे. अरूसाचा शेंडा तिला दिसत नाही. ती झाडाखाली पाटावर बसून राहते, आणि तिजानी खाली उतरल्याचा आवाज आला की विचारते, "झालं?"

तो तोंडाने उत्तर देत नाही. टरफल तिच्या हातात ठेवतो. पुन्हा घड देऊ लागल्यापासून अरूसाचा पहिला घड खाला त्यालाच देते, भरलेला, मधासारखा, आणि ईदला त्याच्याच घरी जेवते. त्या गोष्टीबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. पण टरफल हातात आलं की आधी ती त्याच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवते, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ओली आहे ना, आजचीच आहे ना, ते बघते.

तिचा अंगठा थांबेपर्यंत तिजानी तिच्यापुढे उभा राहतो.